‘त्यांच्या समाजाचा’ : षष्ठीची तृतीया कधी होते?

बेळगावात माझं डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. मजकूर मराठीत येतो, कन्नडात येतो, पुष्कळदा निम्मा-निम्मा येतो. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द टाइप करायचे, त्यामुळे बरेचसे आले तसे जातात. ‘समाज’ हा शब्द मात्र गेलेला नाही. त्याविषयी इथल्या जाणकारांशी बोलायचं आहे.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात २६ जणांना मारलं. त्यात महाराष्ट्रातले होते, शिवमोग्गा आणि बंगळूरचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळपासून दुकानात श्रद्धांजलीच्या बोर्डांची रीघ लागली. एका मंडळाचा पोरगा आला, मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर आणलेला. वर ‘भ्याड हल्ल्याचा जाहीर निषेध’, खाली लहान अक्षरांत ‘त्या समाजाने देशाची माफी मागावी’. मी विचारलं, “कुठल्या समाजानं रे?” तो म्हणाला, “आता ते काय सांगायला पाहिजे होय मामा?” पोरगा वाईट नाही. डोळे सुजलेले होते त्याचे, रात्रभर मोबाइलवर तेच व्हिडिओ बघत बसला होता.

संध्याकाळी आमच्या गल्लीच्या टोकाचे सायकलवाले चाचा आले. मला लहानपणापासून ओळखतात, माझ्याशी मराठीतच बोलतात. त्यांचा मजकूर एका ओळीचा : ‘समस्त मुस्लिम समाज बांधवांतर्फे जाहीर निषेध’. प्रूफ स्क्रीनवर दाखवलं. चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “बाबू, ‘मुस्लिम’ जरा मोठं कर. लांबनं दिसायला पाहिजे.” केलं. “अजून.” केलं. शेवटी ‘मुस्लिम’ हा शब्द ‘निषेध’पेक्षा मोठा झाला, तेव्हा त्यांनी मान हलवली.

एकाच दिवशी दोन बोर्ड, दोन्हींत ‘समाज’. ज्याच्याकडे बोट दाखवलं होतं, तो स्वतःहून आपलं नाव मोठं करून घ्यायला आला. तेव्हापासून मी व्याकरणाकडे वळलो, कारण दुसरं काही माझ्या हातात नव्हतं.

समाज म्हणजे एकत्र आलेले. अमरकोशात एक बारीक भेद आहे : पशूंचा जमाव तो ‘समज’, इतरांचा तो ‘समाज’. एका कान्याचा फरक. कळपात एकानं उडी मारली की बाकीचे मारतात. माणसांच्या जमावाला म्हणून तर वेगळा शब्द लागला असावा. आज मराठीत या शब्दाचे दोन अर्थ चालतात. ‘समाजाचं ऋण फेडायचं’ म्हणतो तेव्हा सगळी माणसं. ‘मराठा समाज’, ‘जैन समाज’, ‘मुस्लिम समाज’ म्हणतो तेव्हा जात किंवा धर्म, पण ते नाव न उच्चारता सभ्यपणे. हा दुसरा अर्थ आमच्या रोजच्या कामाचा आहे. वधू-वर मेळावा, सत्कार, स्नेहभोजन, सगळीकडे तोच. त्यात गैर काही नाही.

गैर होतं ते विभक्तीत. ‘मारेकरी त्यांच्या समाजाचे’ ही षष्ठी. आपलं व्याकरण षष्ठीला कारक मानत नाही. कारकाचं नातं क्रियापदाशी, षष्ठीचं नातं नुसतं नामाशी. ‘रामाचा भाऊ पळाला’ यात पळण्याशी रामाचा काही संबंध नाही. आता तेच वाक्य तोंडातोंडी फिरतं आणि चार दिवसांत ‘त्यांच्या समाजाने केलं’ असं होतं. ही तृतीया. ‘ने’ लागला की तो कर्ता झाला. बंदूक कुणाच्या हातात होती हे वाक्यातून गेलं.

माझा प्रश्न असा : ही सरकत जाणारी विभक्ती थांबवायला मराठीत नेमका शब्दप्रयोग कोणता? आणि ‘त्यांचा समाज’ असं म्हणायची वेळ खरोखर कधी येते?

प्रतिसाद, निपाणी

षष्ठीचं पटलं. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण देतो. ७ मे २०२५ ला ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला ज्या कर्नल सोफिया कुरेशी पुढे आल्या, त्यांचं सासर गोकाक तालुक्यातलं कोण्णूर. टीव्हीवर त्यांना बघून इकडे सगळ्यांना अभिमान वाटला. पाच दिवसांनी मध्य प्रदेशचे मंत्री विजय शाह यांनी जाहीर भाषणात दहशतवाद्यांच्या ‘समाजाची बहीण’ पाठवली, अशा अर्थाचं विधान केलं. लष्करी अधिकारी, आणि वाक्यात तिचं नातं लावलं कुणाशी? मारेकऱ्यांशी. तेही नुसत्या एका षष्ठीनं. तिथल्या उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेऊन १४ मेला गुन्हा नोंदवायला सांगितलं. बोलणाऱ्याला कदाचित ती स्तुती वाटली असेल, आणि मला तेच जास्त खुपतं.

त्याच दिवसांत कोण्णूरच्या घरावर हल्ला झाल्याची एक खोटी पोस्टही फिरली. ती खोटी आहे हे बेळगावच्या पोलिसांना जाहीर करावं लागलं.

प्रतिसाद, खानापूर

शब्दांचा कीस पाडून सत्य झाकू नका. बैसरनमध्ये धर्म विचारून मारलं. कलमा म्हणायला लावला. असं असताना ‘दहशतवादाला धर्म नसतो’ हे वाक्य त्या विधवांसमोर म्हणून दाखवा. मला ते जमणार नाही. आणि धर्माचा उल्लेख केला की लगेच आम्हालाच नावं ठेवतात. हा अन्याय नाही का?

मूळ लेखक

खानापूरकर, तुमच्याशी निम्म्याहून जास्त सहमत आहे. ‘दहशतवादाला धर्म नसतो’ हे वाक्य मलाही लंगडं वाटतं. मी ते आजवर शंभर बोर्डांवर छापलं असेल. मारणारा धर्माचं नाव घेऊन मारतो, धर्म विचारून मारतो, ते नोंदवलंच पाहिजे. लपवलं तर ज्याचा माणूस गेला त्याला आपण खोटं पाडतो.

पण बैसरनमधलीच दुसरी गोष्टही त्याच वाक्यात ठेवा. मेलेल्या २६ जणांत एक स्थानिक मुसलमान घोडेवाला होता. पर्यटकांना वाचवायला गेला आणि मारला गेला. आता ‘त्यांच्या समाजाने मारलं’ हे वाक्य त्याच्या घरी जाऊन म्हणायचं म्हटलं तर तेही जमत नाही. तिथेच ज्यांचा नवरा गेला अशा एका नववधूनं, मुसलमानांच्या आणि काश्मिरींच्या मागे लागू नका, असं सांगितलं. तर लोक तिच्याच मागे लागले. दुःख तिचं, आणि अर्थ मात्र आम्ही लावणार?

म्हणून मला ‘धर्माच्या नावाने’ हा प्रयोग बरा वाटतो. ‘नावाने’ची तृतीया खरी आहे. ती साधन दाखवते, माणसाला कर्ता करत नाही.

विशेषणांचंही तेच. ‘इस्लामी दहशतवाद’ आणि ‘भगवा दहशतवाद’ या दोन्ही जोड्यांचं व्याकरण एक आहे. पहिली ऐकून ज्याला राग येतो त्याला दुसरी चालते, आणि उलटही. मालेगावचंच बघा. ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटात आधी नऊ मुसलमान तरुण धरले. २०१६ मध्ये कोर्टानं त्यांना आरोपमुक्त केलं. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात सहा जण गेले, त्या खटल्यात ‘भगवा’ हे विशेषण देशभर गाजलं. ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी निर्दोष सुटले. दोन्ही खेपेला विशेषण आधी लागलं, निकाल वर्षानुवर्षांनी आला. आणि ज्यांची माणसं स्फोटात गेली, ते दोन्ही वेळा होते तिथेच राहिले.

प्रतिसाद, शहापूर (बेळगाव)

‘निषेध’वर एक भर घालते. आपल्याकडे हा शब्द जपून वापरावा लागतो. मराठीत निषेध म्हणजे धिक्कार. कन्नडात निषेध म्हणजे बंदी. ‘धूम्रपान निषेध’ तसलं. मराठीतल्या निषेधाला कन्नडात ‘खंडने’ म्हणतात, आणि आपल्याकडे खंडन म्हणजे मुद्दा खोडून काढणं. माझ्या कन्नड शेजारणीनं एकदा बोर्ड वाचून मला निरागसपणे विचारलं होतं, “हे काय बंद केलंय?” सायकलवाल्या चाचांच्या बोर्डावर ‘मुस्लिम’ सगळ्यांत मोठं आणि खाली ‘निषेध’. बाजारात नुसतं मराठी अक्षर लावणारा कन्नड माणूस त्याचा काय अर्थ घेईल, या विचारानं पोटात गोळा आला.

मूळ लेखक

ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. वीस वर्षं दोन्ही भाषा छापतोय.

प्रतिसाद, चिकोडी

शब्दांपुरतं बोलतो. ‘दहशत’ फारसीतून आला, ‘आतंक’ संस्कृत. संस्कृतात आतंकचा अर्थ रोग, पीडा असाही आहे. ‘आतंकवादी’ आपल्याकडे हिंदी वाहिन्यांनी आणला. वर्तमानपत्री मराठी ‘दहशतवादी’ आणि ‘अतिरेकी’. कन्नडात ‘भयोत्पादक’, मथळ्यात नुसतं ‘उग्र’. यांत अतिरेकी मला आवडत नाही. अतिरेक करणारा म्हणजे जे थोडं केलं असतं तर चाललं असतं, ते जास्त केलं. खुनाला ‘थोडं’ नसतं.

प्रतिसाद, बेळगाव (टिळकवाडी)

मी ऐंशीला टेकले आहे. सांगलीकडची माहेरवाशीण. आमच्या घरी एक शब्द कुजबुजत बोलायचे : ‘जळीत’. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींना मारलं. मारणारा ब्राह्मण होता. मग साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत ब्राह्मणांची घरं जाळली. कोल्हापुरात जयप्रभा स्टुडिओ जाळला. मी तेव्हा पाळण्यात. मोठी झाल्यावर आजीनं दाखवलं ते एक पितळी पंचपात्र, एका बाजूनं वितळून वाकडं झालेलं. तेवढंच घरातून निघालं. ‘त्यांच्या समाजाचा’ हे तेव्हा आमच्याबद्दल म्हटलं गेलं. आजोबा शाळामास्तर होते, गांधीजी गेले त्या रात्री ते जेवले नव्हते. पेटवणाऱ्यांनी हे विचारलं नाही, आणि विचारायची ती वेळही नव्हती.

आपल्याकडे म्हण आहे, ‘सुक्याबरोबर ओलंही जळतं’. ती मला कधी आवडली नाही. जणू लाकडं आपोआप पेटली. काडी कुणी ओढली हे म्हणीत कुठेच नाही. त्यापेक्षा ‘चोर सोडून संन्याशाला फाशी’ खरी. त्यात निदान फाशी देणारा कुणीतरी आहे हे कळतं.

प्रतिसाद, खानापूर

आजी, नमस्कार करतो. धर्म विचारून मारलं हे माझं म्हणणं तसंच आहे. ‘समाजाने’मधला ‘ने’ मात्र काढतो.

मूळ लेखक

आजींच्या पंचपात्राविषयी काही लिहिण्याची माझी लायकी नाही. माझा अनुभव त्यापुढे किरकोळ आहे, पण सांगतो, कारण तृतीया स्वतःला लागली तेव्हाच मला कळली.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बस कंडक्टरला मारहाण झाली, मराठी न बोलण्यावरून झाल्याचं सांगितलं गेलं. पाठोपाठ चित्रदुर्गाला महाराष्ट्राच्या बसचालकाला काळं फासलं, दोन्ही राज्यांच्या बस बंद पडल्या. त्या आठवड्यात मी धारवाडच्या बसमध्ये होतो. मागच्या सीटवर दोघे कन्नडात बोलत होते, ‘मराठ्यांनी मारलं’ म्हणत होते. तेवढ्यात घरून फोन आला. आई होती. मी उचलला नाही. कित्तूर मागे पडलं, धारवाडला उतरलो आणि स्टँडबाहेर जाऊन मग फोन लावला. आई म्हणाली, “का रे, इतका वेळ?” रेंज नव्हती म्हणालो.

मला कुणी काही केलं नव्हतं. त्या दोघांनी माझ्याकडे वळूनही बघितलं नव्हतं. तरी स्वतःची भाषा मी खिशात दाबून ठेवली. चाचा ‘मुस्लिम’ मोठं करायला सांगत होते आणि मी ‘मराठी’ लपवत होतो. दोघांच्याही पाठीमागे तोच ‘ने’ होता.

आता ‘त्यांचा समाज’ म्हणायची खरी वेळ कधी, या माझ्याच प्रश्नाचं मला सुचलेलं उत्तर : समाज एकत्र येऊन स्वतः काही करतो तेव्हा. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात मेलेल्या नऊ दहशतवाद्यांना मुंबईच्या बड्या कब्रस्ताननं जागा नाकारली. तिथे ‘मुस्लिम समाजाने नाकारलं’ हे वाक्य रास्त आहे. लोक जमले, बोलले, ठरवलं. क्रिया त्यांची, म्हणून तृतीया त्यांची. न ठरवलेल्या, न केलेल्या गोष्टीला मात्र ती लावता येणार नाही. कुणी मारेकऱ्याला घरात लपवलं असेल तर त्या माणसाला नावानं कर्ता करा, तिथे मी आड येणार नाही.

मंडळाच्या त्या पोराच्या बोर्डाचं विचारलंय काही जणांनी. त्याला मी व्याकरण सांगितलं नाही. ती ओळ काढून ‘मारेकऱ्यांना आणि त्यांना आसरा देणाऱ्यांना फाशी द्या’ अशी टाइप करून दाखवली. त्यानं दोनदा वाचली. “लांब झाली की मामा,” म्हणाला. मग अक्षरं थोडी बारीक केली आणि सहा बाय चारात बसवली. चाचांचा फ्लेक्स मात्र त्यांनी सांगितला तसाच छापला. ताईंनी लिहिल्यावर मी तो पुन्हा उघडून बघितला, खाली कन्नडात ‘खंडने’ टाकायला जागा होती.