गाडी बघून माणूस ओळखता येतो का? एमएच १५ (नाशिक) वाल्यांनी सांगा

कडकचहा :
रविवारी घरी बहिणीला बघायला पाहुणे आले होते. पाहुणे अजून खाली गाडी लावतायत, आमचे मामा गॅलरीत उभे, आणि वरूनच त्यांनी निकाल देऊन टाकला, "पोरगा चांगलाय. पांढरी डिझायर आहे. डिकीवाली गाडी घेणारा माणूस घर धरून असतो." तेव्हा मी हसलो, पण रात्री झोप लागेना म्हणून विचार करत बसलो तर मामांचं थोडं थोडं पटायला लागलं राव.

आमच्या सोसायटीचंच पार्किंग घ्या (इंदिरानगर). वॅगनारवाले काका, आईला गुडघ्यामुळे खाली वाकून बसता येत नाही म्हणून उंच गाडी घेतली, वॉचमनला रोज चहा झाला का विचारणार. स्विफ्टवाला पोरगा, रात्री ११ ला येतो ते अख्ख्या बिल्डिंगला कळतं. क्रेटावाले, शेजाऱ्याने एखादी गोष्ट घेतली की सहा महिन्यांनी तीच घेणार, एसी असो की पोराचा क्लास. आणि बोलेरोवाले कॉन्ट्रॅक्टर, दोन गाड्यांच्या जागेत एक गाडी तिरकी. फ्लॅट आपण कर्जात बसेल तो घेतो, कपडे बायको आणते, नोकरी मिळेल ती करतो, पण गाडी घेताना माणूस सहा महिने व्हिडिओ बघून, दहा जणांना विचारून घेतो. मग त्यात तो दिसणारच ना?

गोदाकाठ :
गाडी माणूस निवडतो हीच मुळात चुकीची समजूत आहे. सरकार निवडतं. २००६ च्या बजेटमध्ये नियम आला, गाडी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत, डिझेल १५०० च्या आत असेल तर एक्साइज कमी. झालं, कंपन्यांनी फूटपट्टी काढली. तुमच्या मामांना आवडलेली ती डिकी बघा एकदा नीट. २०१२ मध्ये डिझायर कापून ३९९५ मिलिमीटर केली, म्हणजे ४ मीटरला ५ मिलिमीटर कमी. ती डिकी 'घर धरून' नाहीये, टॅक्स धरून आहे. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला तरी हीच रेघ कायम, आत असाल तर १८ टक्के, बाहेर गेलात तर ४०. मध्यमवर्गीय माणूस त्या रेघेच्या आत जेवढं मिळतं त्यातून उचलतो आणि तुम्ही त्यात त्याचा स्वभाव शोधताय.

कडकचहा :
टॅक्स मान्य. पण मग नॅनोचं काय ते सांगा. २००९ ला आली, लाखाची गाडी म्हणून अख्ख्या जगात गाजली, टॅक्स कमी, अ‍ॅव्हरेज चांगलं, मोटरसायकलवर पावसात चौघं जाणाऱ्या फॅमिलीसाठीच काढलेली. लोकांनी घ्यायला पाहिजे होती ना हिशोबाने? नाही घेतली. २०१८ ला बंद. कारण 'सगळ्यात स्वस्त गाडीवाला' हा शिक्का कोणाला नको होता, रतन टाटा स्वतः नंतर म्हणाले की स्वस्त म्हणून जाहिरात झाली ती चूक झाली. गाडीवरून माणूस ठरत नसता तर शिक्क्याची भीती कशाला वाटली असती?

गोदाकाठ :
नॅनोची डिकी मागून उघडायचीच नाही हो बरीच वर्षं. इंजिन मागे, सामान टाकायचं तर मागची सीट वाकवून आतून. २०१५ च्या मॉडेलला कुठे मागचं दार उघडायला लागलं. ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, चौघं बसून कसारा घाट चढायचा विचार करा. त्यात सुरुवातीला काही गाड्यांना आगी लागल्याच्या बातम्या आल्या. माणूस घाबरला त्याला तुम्ही 'शिक्का' म्हणताय. आणि शिक्क्याची भीती होती असं धरलं तरी त्यातून लोक काय म्हणतील याची भीती कळते, ती काय सगळ्यांनाच असते, त्यात त्या माणसाचं वेगळं असं काय कळलं?

कॉलेजरोड_५ :
एका गाडीपुरतं मात्र मी छातीठोक सांगतो. थार. काळ्या काचा, ४१४१ चं 'दादा' केलेली नंबरप्लेट, कॉलेज रोडवर १० च्या स्पीडने चार फेऱ्या, वाईपर ऊन असताना चालू. ह्यात ना टॅक्स ना घाट. द्राक्षाचा पैसा आला की डोक्यात जातो एवढंच.

निफाडकर :
आला का द्राक्षाचा पैसा. कधी बघितलाय का हो जवळून? ऑक्टोबर छाटणी झाली की पाऊस बघून रात्री झोप नसते, फुलोऱ्यात पाणी पडलं की डावणीच्या (बुरशीचा रोग) भीतीने पहाटे चारला फवारणीचा ब्लोअर घेऊन बागेत, अवकाळी आली की सगळं गेलं, आणि एवढं करून माल निघाला तर पट्टीची (विक्रीच्या हिशोबाची) वाट बघायची. चार वर्षांतून एक वर्ष बरं जातं. त्या एका वर्षात घेतली थार तर तुमच्या पोटात का दुखतं? आमच्याकडं काळी माती आहे, पावसाळ्यात बागेपर्यंतचा रस्ता म्हणजे नुसता गारा, तिथं तुमची हॅचबॅक एकदा आणून दाखवा.

आणि ती गाडी सातपूरला बनते, आपल्याच गावची आहे, तिच्यावर एवढा राग नको.

कॉलेजरोड_५ :
दादा राग नाही, पण एक विचारतो, खरं सांगायचं. तुमची फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांवर ओढणारी, आहे का?

निफाडकर :
नाही. मागच्या चाकावरची आहे.

गोदाकाठ :
😄 आता मी बोलू का? जानेवारी २०२३ ला ती टू व्हील ड्राइव्ह थार आली त्यात मुद्दाम १५०० सीसीचं डिझेल बसवलं, गाडी आधीच ४ मीटरच्या आत होती, म्हणजे बसली टॅक्सच्या रेघेत. दणकट मर्द गडी वगैरे सगळं जाहिरातीत, पावतीवर पुन्हा तीच रेघ.

कॉलेजरोड_५ :
मग चिखलात रुतल्यावर काय करता?

निफाडकर :
ट्रॅक्टरने ओढतो. दोनदा ओढली. हसा आता.

पण थांबा, हसून झालं की हे पण वाचा. आमच्याकडं माल तयार झाला की व्यापारी बागेत येतो सौद्याला. मी सहा वर्षं मोटरसायकलवर जायचो बागेवर. व्यापारी बांधावर उभा राहून मणी तोंडात टाकायचा आणि असा भाव सांगायचा की जणू उपकार करतोय, कारण त्याला माहितीये मोटरसायकलवाल्याला पैशाची घाई असते, सोसायटीचं कर्ज असतं, हा थांबू शकत नाही. गाडी घेतली त्या सीझनला तोच माणूस, तीच बाग, मालात काही फरक नाही, पण पहिला भावच वेगळा निघाला त्याच्या तोंडातून. नंतर घासाघीस झाली ती झाली. एका वर्षी एकजण चेक देऊन गेला तो वटलाच नाही, तेव्हा पण मी मोटरसायकलवरच होतो, चौकीला गेलो तर बाकावर बसून ठेवलं दुपारपर्यंत. त्यामुळे थार घेतली त्यात माझा स्वभाव वगैरे काही नाही. समोरच्याचा आहे. मी फक्त हप्ते भरतो.

कॉलेजरोड_५ :
हे नव्हतं माहिती. वाईपरचं मात्र मागे घेणार नाही.

सातपूर_रिटायर्ड :
लाईनवर २६ वर्षं काढली म्हणून दोन शब्द. २००२ साली स्कॉर्पिओ आली तेव्हा आम्ही सगळे पोरं तिच्याकडे नवरीसारखं बघायचो. एकाच शिफ्टला एकामागे एक त्याच गाड्या निघायच्या, त्याच बोल्टच्या, त्याच टॉर्कच्या. त्यातली एक पोलिसात जायची, एक पुढाऱ्याकडे, एक कुठल्या तरी हायस्कूलच्या मास्तरांकडे, एक सप्तशृंगीला भाविक नेणाऱ्याकडे. गेटबाहेर पडेपर्यंत चारही गाड्या अगदी गरीब. पुढचं काय ते मालकाने केलं. आता ह्यात गाडीने माणूस दाखवला की माणसाने गाडी बिघडवली ते तुम्ही ठरवा.

(मी स्वतः काय चालवतो विचारू नका. सेकंडहँड मारुती ८०० होती, आता जावयाच्या गाडीत मागे बसतो.)

मी_चालवते :
एवढं सगळं वाचलं, एक प्रश्न आहे. 'माणूस गाडी निवडतो' म्हणजे नक्की कोण? आमची गाडी घ्यायला शोरूमला नवरा, दीर, सासरे आणि नवऱ्याचा गाड्यांमधलं सगळं कळणारा मित्र असे चौघं गेले होते, मी पाचवी. इंजिनचं त्यांना सांगितलं, मायलेजचं त्यांना, फायनान्सचं त्यांना. माझ्याकडे वळून तो मुलगा म्हणाला, "मॅडम, कलर कोणता?" मी लाल म्हणाले. घरी पांढरी आली, का तर रिसेलला बरी. रोज पाथर्डी फाट्यावरून अंबडला ती गाडी चालवते मी. खालचं व्हेरियंट आहे, सीट वर होत नाही, बोनेट दिसत नाही म्हणून खाली उशी घेऊन बसते. सांगा आता, माझी गाडी बघून माझ्याबद्दल काय कळलं?

कडकचहा :
तुमच्या मिस्टरांबद्दल कळलं ना, सेफ खेळणारे आहेत 🙂

मी_चालवते :
त्यांचं वेगळंच आहे. पाहुण्यांसमोर 'आमची गाडी', बंपरला घासलं की 'तुझी गाडी', हप्त्याच्या दिवशी 'ती गाडी'.

गोदाकाठ :
ह्या एका वाक्यात संसार आला 😄

जुनी_स्टेपनी :
उशिरा आलो, धंद्यावर होतो. द्वारका सर्कलकडे जुन्या गाड्यांचं काम करतो, १९ वर्षं झाली, गाडी बघून माणूस ओळखणं हे माझं पोट आहे म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

कोणती गाडी घेतली यावरून घंटा काही कळत नाही. टॅक्सवाले भाऊ बरोबर आहेत, निफाडचे दादा बरोबर, ताई तर शंभर टक्के. पण घेतल्यावर ती कशी ठेवली यात माणूस लपू शकत नाही. माझ्याकडे गाडी आली की मी बॉडी नंतर बघतो. आधी क्लचचं पेडल. रबर एका बाजूने गुळगुळीत झालंय आणि मीटर दाखवतो २८ हजार, म्हणजे एक तर हा डावा पाय कायम पेडलवर ठेवून बसणारा, नाहीतर मीटर मागे फिरवलाय. पाय ठेवणारा माणूस घाबरट पण प्रामाणिक असतो, विचारलं की लगेच सांगतो, "हो हो, मला सवय आहे." मीटर फिरवणारा उलट माझ्यावरच चिडतो.

मग सीट. तीन वर्षांनी पण कारखान्याचं प्लास्टिक तसंच असेल तर लोकांना वाटतं जपून वापरलेली गाडी. मी तिथं जास्त बघतो. दिसणारं जपणारा बऱ्याचदा न दिसणारं जपत नाही, ऑइल काळं डांबर निघतं. सीएनजी असेल तर टाकीची पट्टी बघतो, दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट करायची असते, तिची तारीख गेलेली असेल आणि त्याच डिकीच्या काचेवर 'बेबी ऑन बोर्ड' असेल तर मला जरा राग येतो, खोटं कशाला बोलू.

आणि शेवटचं, बेल्ट. सीटबेल्ट न लावता ती टिंग टिंग बंद व्हावी म्हणून बाजारात नुसती क्लिप मिळते, बक्कलमध्ये खोचायची. ५०-१०० रुपयांना. २५ लाखाच्या गाडीत पण बघितलीय आणि भंगारात जायच्या अल्टोत पण. ती क्लिप काढली की मला त्या माणसाशी व्यवहारात कुठं कुठं लिहून घ्यायचं ते कळतं. मागच्या सीटचे बेल्ट तर निम्म्या गाड्यांत कव्हरखाली दाबलेले असतात, घेतल्यापासून बाहेरच आलेले नसतात.

गोदाकाठ :
हे मान्य. पण मग हा धाग्याच्या मालकाचा मुद्दा राहिलाच नाही, तो 'निवडी'बद्दल बोलत होता.

कडकचहा :
राहिला कसा नाही, गाडीवरून माणूस कळतो हे तर तुम्ही कबूल केलंच ना?

गोदाकाठ :
गॅलरीतून नाही कळत. क्लचचं रबर तिसऱ्या मजल्यावरून दिसतं का तुमच्या मामांना?

मी_चालवते :
बाकी सगळं राहू द्या, त्या स्थळाचं काय झालं? डिझायरवाल्याचं?

कडकचहा :
सांगणार नव्हतो, पण विचारलंच आहे तर. ती डिझायर त्याची नाहीच. मित्राची आणली होती, मुलाने स्वतःच सांगून टाकलं चहा घेताना, त्याच्याकडे अ‍ॅक्टिव्हा आहे. आई-वडिलांना घेऊन सिन्नरवरून यायचं म्हणून मागितली म्हणाला.

सातपूर_रिटायर्ड :
आणि मामा?

कडकचहा :
मामांनी एक सेकंद पण घेतला नाही. म्हणे, "बघ, मी बोललो होतो की नाही? ज्याला मित्र रविवारी स्वतःची गाडी देतो तो पोरगा चांगलाच असणार."

कॉलेजरोड_५ :
मामांना आपल्या वॉर्डातून उभं करा 🙏

निफाडकर :
पोरगं खरं बोललं ना चहावर, मग द्या की राव पोरगी. आम्ही पण मित्राच्याच जीपमध्ये गेलो होतो बघायला.

जुनी_स्टेपनी :
एवढी घाई नको. बहिणीला एवढंच विचारायला सांगा, गाडी परत देताना पेट्रोल टाकलं होतं का.

कडकचहा :
आत्ताच मेसेज केला तिने. थांबा, टाइप करतोय तो.