बी६५० मदरबोर्ड, रायझन ७ ९७००एक्स प्रोसेसर, चार रॅम: डिस्प्ले नाही. बायोस (बोर्डाला सुरू करणारं त्याच्यावरचं सॉफ्टवेअर) जुना की रॅमचा घोळ?

सिडकोकर
नवीन जोडणी आहे. बी६५० बोर्ड एमजी रोडवरून घेतला, खोक्यावर ९००० मालिकेचे प्रोसेसर चालतात असा स्टिकर नाही. रॅम डीडीआर५-६०००, १६ जीबीच्या चार पट्ट्या, म्हणजे एकाच मॉडेलचे दोन-दोनचे दोन किट. पंखे फिरतात, सीपीयूचा दिवा पेटून राहतो, स्क्रीन काळी. जुना प्रोसेसर लावून बायोस बदलावा, तर तो हाताशी नाही. घरीच बायोस टाकता येईल का? आणि चारही पट्ट्या ६००० च्या वेगावर चालतील का?

सातपूर_हार्डवेअर
लक्षणं जुन्या बायोसची आहेत. तुमच्या बोर्डाचं एएमफाइव्ह सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) २०२२ चं, ९७००एक्स ऑगस्ट २०२४ चा. त्याआधी बनून गोदामात पडून राहिलेला बोर्ड हा प्रोसेसर ओळखत नाही. कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट यादी उघडा, ९७००एक्सच्या ओळीत कोणत्या बायोसपासून चालतो ते दिलेलं असतं. बोर्डाची रिव्हिजन (१.०, १.१ वगैरे) पाहूनच फाइल घ्या.

मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं (पेनड्राइव्हवरून थेट बायोस टाकायचं) बटण असेल तर प्रोसेसरची गरजच नाही. ३२ जीबी किंवा त्याहून लहान पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. फाइल झिपमधून बाहेर काढून मॅन्युअलमध्ये दिलेलं नाव अक्षरशः तसंच द्या. इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात, कारण विंडोज एक्स्टेन्शन (नावातली टिंबानंतरची अक्षरं) लपवतं आणि नावाला दोनदा शेपूट लागतं. पेनड्राइव्ह खुणेच्या यूएसबी पोर्टातच लावा. २४ पिन आणि सीपीयूची ८ पिन, दोन्ही केबल जोडलेल्या हव्यात. एसएमपीएस (पीसीचा वीजपुरवठा) चालू, पीसी बंद, मग बटण काही सेकंद दाबून धरा. दिवा लुकलुकायला लागला की विझेपर्यंत हात लावू नका, पाच ते दहा मिनिटं जातात. लुकलुकायचा थांबून लगेच स्थिर पेटला तर बहुधा फाइल वाचली गेलेली नाही.

हे काम यूपीएसवरच करा. पावसाळ्यात आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. मधेच गेली तर पुन्हा फ्लॅशबॅक करता येतं, पण फ्लॅशबॅक नसलेल्या बोर्डावर ती वेळ आली तर चिप प्रोग्रामरशिवाय (बायोसच्या चिपवर थेट लिहिणाऱ्या यंत्राशिवाय) इलाज नाही.

गोदाकाठ
रॅमबद्दल. चार पट्ट्यांना एएमडीचा अधिकृत वेग ३६०० आहे, दोन पट्ट्यांना ५६००. ६००० हे एक्सपो (रॅममध्येच साठवलेलं जास्त वेगाचं सेटिंग), म्हणजे अधिकृत वेगाच्या वर नेणं, ओव्हरक्लॉक, आणि किटवरचा आकडा फक्त त्या किटमधल्या दोन पट्ट्यांपुरता तपासलेला असतो. दोन किटचं मॉडेल एक असलं तरी आतल्या चिपा वेगळ्या कंपनीच्या निघू शकतात.

मेमरी ट्रेनिंगचा (सुरू होताना रॅमशी सिग्नल जुळवून घेण्याचा) कोड एएमडीच्या एजीसा या मूळ सॉफ्टवेअरमध्ये असतो आणि बोर्ड कंपनी त्यावर आपला बायोस बांधते. म्हणून बायोस बदलला की तीच रॅम वेगळी वागते; २४ आणि ४८ जीबीच्या पट्ट्याही २०२३ च्या बायोसनंतरच नीट चालू लागल्या. पण एका चॅनेलवर (प्रोसेसर ते रॅम या दोन मार्गांपैकी एकावर) दोन पट्ट्या आल्या की सिग्नलवर जो भार येतो, तो बायोसने जात नाही. ६४ जीबी हवी असेल तर ३२ च्या दोन घ्या. दुकानदार किट बदलून देत असेल तर आत्ताच बदलून घ्या.

सिडकोकर
फ्लॅशबॅक झालं. आता डीरॅमचा (रॅमचा) दिवा पेटलाय, स्क्रीन अजून काळीच. बंद करू का?

गोदाकाठ
नको! ते ट्रेनिंग आहे. नव्या बायोसनंतर पहिल्यांदा बरीच मिनिटं लागतात, चार पट्ट्यांना जास्तच. मधे बंद केलंत तर पुन्हा पहिल्यापासून. पंधरा मिनिटांनीही काही नाही तर वीज काढून दोनच पट्ट्या ठेवा, ए२ आणि बी२ मध्ये, म्हणजे प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा स्लॉट. वायरिंग या स्लॉटांपाशी संपतं; जवळच्या स्लॉटात लावली तर पुढचं मोकळं टोक सिग्नल परतवतं.

सातपूर_हार्डवेअर
डिस्प्ले आला की आधी एक्सपोशिवाय विंडोज टाका, मग एक्सपो चालू करून मेमटेस्ट ८६ ही रॅमची चाचणी पूर्ण होऊ द्या. एक जरी एरर आला तरी दोन पट्ट्यांचा वेग ५६०० वर आणा. दर वेळी बूट लांबत असेल तर बायोसमधलं मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर (मागचं ट्रेनिंग पुन्हा वापरणारं सेटिंग) चालू करा, सोबत पॉवर डाउन हे रॅमचं सेटिंगही एनेबल ठेवा. एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाचं) १.३ व्होल्टच्या वर नेऊ नका. २०२३ मध्ये एक्सथ्रीडी (जास्त कॅशवाले) प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने ती मर्यादा घातली. आणि पुढचा बायोस टाकण्याआधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं फीचर) सस्पेंड करून रिकव्हरी की लिहून ठेवा, एफटीपीएम (कुलपाची किल्ली जपणारा प्रोसेसरमधला भाग) रीसेट झाला तर ती मागितली जाते.