चोच काढून होईपर्यंत पक्षी उडून जातो, काय करावं?

पाषाणकर_ताई:
नमस्कार मंडळी. सकाळी पाषाण तलावावर फिरायला जाते. हल्ली पक्ष्यांची चित्रं काढायला सोबत वही नेते, पण चोच नि डोळा काढून होतोय तोवर स्वारी पसार! मग घरी येऊन मोबाईलमधल्या फोटोवरून काढते. चित्र बरं दिसतं, पण पेंढा भरल्यासारखं. शाळेत चित्रकलेची एलिमेंटरी परीक्षा दिली होती, तेवढीच पुंजी. नोंदीतही तारीख आणि नाव यापुढे गाडी जात नाही.

रानभूल:
फोटोवरून काढलं तर बिघडलं कुठे? पिसं तरी नीट दिसतात.

खडूफळा:
पिसांसाठी फोटो ठीक, बैठकीसाठी, म्हणजे पक्षी कसा बसलाय त्यासाठी, नाही. ताई, तुम्ही चोचीपासून सुरुवात करता, तिथंच घोडं पेंड खातंय. (तीस वर्षं पोरांना हेच सांगत आलो, ती डोळ्यापासून सुरू करायची.) आधी डोक्यापासून शेपटीपर्यंत एक तिरपी रेघ मारा. तिच्यावर अंगाचा अंडाकार, मग डोक्याचा गोल. इतकं झालं की पक्षी उडाला तरी उडू दे.

सुरुवात वंचकापासून करा, म्हणजे तळ्याकाठच्या त्या मातकट बगळ्यापासून. पाण्याच्या कडेला मान खांद्यात घालून तो बराच वेळ हलत नाही. एका पानावर तीन-चार रेखाटनं अर्धवट ठेवा. मान आखडली की एकावर काम करायचं, ताणली की दुसऱ्यावर. जुन्या बैठकीत तो परत येतोच. वेडा राघू (पोपट नव्हे, तो छोटा हिरवा माशीमार पक्षी) हाही सोयीचा, माशी पकडून बहुतेकदा त्याच तारेवर येऊन बसतो. मधमाशी मिळाली तर नांगी निघेपर्यंत तारेवर आपटत राहतो. तेवढ्यात मान कशी वळते ते बघून घ्या.

पायांबद्दल एक. मागे दुमडलेला दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा. खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. हे ध्यानात आलं की पक्षी कागदावर तोल सांभाळून उभा राहतो.

खोडरबर घरी ठेवा. महागाचा कागद आत्ता नको, क्लिपबोर्डला पाठकोरे कागद लावा. बॉलपेनही चालतं, उलट फिसकटत नाही.

पाषाणकर_ताई:
सर, आणि लिहायचं काय?

खडूफळा:
नाव सगळ्यात शेवटी. नाव लिहिलं की बघणं थांबतं, हा माझा अनुभव. आधी वेळ, ऊन की ढग, तो काय करत होता. रंग शब्दांतच टिपा: ‘पाठ मातकट, मानेवर रेघा, उडाला तेव्हा एकदम पांढरा!’ रंगवायचं घरी. पावसाळ्याच्या तोंडाला वंचकाची हीच पाठ गर्द किरमिजी होते. थंडीतलं पान तेव्हा शेजारी ठेवून बघा, दोन वेगळे पक्षी वाटतील. न कळलेलं प्रश्न म्हणून लिहा. ‘शेपटी सारखी का हलवतोय?’ एवढंसुद्धा पुरे.

रानभूल:
सगळं पटलं. पण दुर्बीण एका हातात, पेन्सिल दुसऱ्या हातात, मग वही कुणी धरायची?

खडूफळा:
दुर्बीण गळ्यात. बघायचं, सोडून द्यायची, आठवेल तेवढं काढायचं, पुन्हा बघायचं. वहीकडे बघत पक्षी काढायची हीच तर तालीम. आणि जागा धरून बसा, मागे मागे फिरू नका. घरटं दिसलं तर तिथं वही उघडूच नका, लांबून निघून जा.