सिम्युलेशनमध्ये पास, टेस्टला क्रॅक. आता म्हणे डिजिटल ट्विन करा

चाकण_लोकल:
मंडळी, चाकणला एका सप्लायरकडे सीएई (कॉम्प्युटरवर भागांची मजबुती तपासायचं काम) बघतो. इलेक्ट्रिक मालवाहू तीनचाकीच्या बॅटरी ट्रेचा ब्रॅकेट. स्क्रीनवर सगळा हिरवा-निळा, कुठे लाल ठिपका नाही. टेस्टच्या गाडीवर नवव्या दिवशी भेग. रंग खरवडून डीपी (भेग दाखवणारा लाल डाय) मारली तर वेल्डच्या कडेला केसाएवढी लाल रेघ उमटली. साहेब म्हणतात, डिजिटल ट्विन करा. अहो, मॉडेल तर आहेच आमच्याकडे. वेगळं काय करायचं?

जुना_गेजवाला:
आधी सांगा, लोड कुठून आणले? "३जी खाली, १जी बाजूला" (म्हणजे वजनाच्या तिप्पट जोर खाली, एकपट बाजूला) हे कुणाच्या तरी जुन्या शीटमधून उचललं असेल तर सॉफ्टवेअरला बोल लावू नका. गाड्यांना स्ट्रेन गेज (धातू किती ताणला जातो ते मोजणाऱ्या पट्ट्या) चिकटवण्यात माझी हयात गेली, बहुतेक भांडणं इथेच मिटली.

त्यात तीनचाकीचं दुखणं वेगळं. पुढचं चाक मधोमध. ड्रायव्हर खड्डा चुकवतो तो त्या चाकाचा. मागचं एक चाक नेमकं त्यात जातं आणि चेसिस पिळली जाते. नुसता खाली-वर लोड लावून तो पीळ दिसणार कसा?

वेल्डच्या कडेपासून जरा हटून गेज लावा. गाडी रिकामी फिरवा, मग भरून फिरवा. मॉडेलचा सिग्नल त्याच्याशेजारी ठेवा. फरक थोडाच आहे असं म्हणू नका: वेल्डला एस-एन वक्राचा (किती स्ट्रेसला किती फेरे टिकतं ते दाखवणाऱ्या आलेखाचा) उतार ३ धरला तर स्ट्रेस २० टक्के वाढल्यावर आयुष्य ४२ टक्के घटतं.

चाकण_लोकल:
लोड शीटमधलेच. रबर बुशची स्टिफनेसही (ताठपणा) ड्रॉइंगवरचीच.

रबरवाली:
ड्रॉइंगवरचा आकडा स्टॅटिक, म्हणजे स्थिर लोडचा असतो. हादरे बसायला लागले की रबर जास्त ताठ वागतं, तेही फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलत. मोजूनच घ्या.

आणि ट्विनचं म्हणाल तर, मॉडेल सगळ्या गाड्यांना मिळून एक; ट्विन एकाच चेसिस नंबरचा. बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) करंट आणि तापमान नोंदवतंच. सोबत ट्रेवर अ‍ॅक्सिलरोमीटर (हादरे मोजणारा सेन्सर) बसवला की त्या गाडीने किती मार खाल्ला याचा हिशेब रोजच्या रोज मॉडेलमध्ये जातो.

जुना_गेजवाला:
वेल्ड कुठे संपवलाय तेही बघा. ब्रॅकेटच्या कोपऱ्यात बंद केला असेल तर तिथूनच सुटतो.

चाकण_लोकल:
बघून आलो. कोपऱ्यातच बंद केलाय. सोमवारी गेजची मागणी टाकतो. साहेबांना काय सांगू?

जुना_गेजवाला:
ट्विनसाठी हवेत म्हणा. लवकर मंजूर होतील.