पाट्याआधी डेक तपासा
जुन्या कॅटलिना २२ या शिडाच्या बोटीला डोलकाठीचा बिजागरीवाला पाया, म्हणजे काठी आडवी उतरवता येईल असा पाटा, बसवताना जुनीच भोकं वापरली तर चालतील का, असं एकाने विचारलंय. चालतील, पण आधी भोकांच्या आत डोकवा. मी स्क्रू काढले तर भोकातून चहाच्या रंगाचं पाणी आलं; डेकमधलं (बोटीच्या वरच्या सपाट भागातलं) लाकूड पार कुजलेलं. ते खरवडलं, आठवडाभर सुकवलं, भोकं इपॉक्सीने (सुकून कडक होणाऱ्या राळेने) भरली, मग नव्याने पाडली. स्टेनलेसचा पाटा नि ॲल्युमिनियमची काठी थेट भिडवू नका, मध्ये नायलॉनची चकती घाला. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पाट्यामुळे काठी किती उचलली जाते तेही मोजा, काठीला ताणून धरणाऱ्या तारा पुरायला हव्यात.

बाजूच्या तारा बिजागरीच्या रेषेत नसतील तर उतरवताना काठी आडवी झुलते. आमची झुलली, बायकोने खांद्यावर झेलली. अजून ऐकतोय.