मदत हवी आहे: हिफ-२अल्फाचे रेणू डॉकिंगमध्ये चांगले, ७८६-ओ पेशींवर काहीच परिणाम नाही

रामटेक२१
नमस्कार मंडळी. नागपूरला एम. फार्मचा प्रकल्प सुरू आहे. विषय मूत्रपिंडाचा क्लिअर सेल कर्करोग, हिफ-२अल्फा (या कर्करोगाला वाढवणारं प्रथिन) आणि त्याचा जोडीदार एआरएनटी या प्रथिनांची जोडी तोडणारे लहान रेणू. दोघं जिथे एकमेकांना चिकटतात त्या पृष्ठभागावर व्हिना या प्रोग्रामने डॉकिंग केलं (रेणू प्रथिनात कसा बसतो ते संगणकावर पाहिलं) आणि १२ रेणू विकत घेतले, सगळ्यांचा स्कोअर -९ च्या आसपास (जितका उणे तितका चांगला). ७८६-ओ या मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या पेशींवर ४८ तास एमटीटी (किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून मोजणारी चाचणी) केली, तर ५० मायक्रोमोलरपर्यंत एकही पेशी मरत नाही. शिवाय प्लेटच्या कडेचे वेल (पेशी वाढवायचे खड्डे) भलतेच आकडे देतात. रेणू बदलू की पेशी?

वाडीनाका
पेशी बदलू नका. ७८६-ओ याच कामाची आहे: तिच्यात व्हीएचएल (हिफ प्रथिनांना नष्ट करवणारं प्रथिन) निकामी, हिफ-१अल्फा नाही, हिफ-२अल्फा भरपूर. चुकली आहे ती डॉकिंगची जागा. दोन प्रथिनांमधला पृष्ठभाग सपाट आणि मोठा असतो, तिथे लहान रेणूला पकड मिळत नाही; व्हिना मात्र तेलकट रेणूला कुठेही -९ देऊन मोकळी होते.

खरी जागा हिफ-२अल्फाच्या पास-बी भागाच्या पोटात आहे. सुमारे २९० घन आंगस्ट्रॉमची बंद पोकळी, एरवी पाण्याने भरलेली. रेणू आत बसला की मेथिओनिन-२५२ सरकतं आणि एआरएनटीशी जुळणी बिघडते. बेल्झुटिफॅन हे औषध असंच काम करतं (अमेरिकेत २०२१ मध्ये व्हीएचएलच्या आनुवंशिक आजारासाठी मंजुरी, २०२३ मध्ये पुढच्या टप्प्यातल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी).

आता डॉकिंग असं करा. प्रथिनांच्या रचनांच्या संग्रहातली (पीडीबी) रिकामी रचना ३एफ१पी घेऊ नका, तिच्यात पोकळी रेणूच्या मापाची झालेली नसते. ५टीबीएम घ्या, तिच्यात पीटी२३८५ (बेल्झुटिफॅनच्या आधीचा रेणू) बसलेला आहे. त्याच्याच मध्यावर १८ आंगस्ट्रॉमची पेटी (शोधाची जागा) आणि एक्झॉस्टिव्हनेस (शोध किती कसून करायचा तो आकडा) ३२. आधी पीटी२३८५ काढून तोच परत डॉक करा. मूळ जागेपासून २ आंगस्ट्रॉमच्या आत आला नाही तर पुढे जाऊच नका. बहुतेक वेळा घोळ पोकळीतल्या हिस्टिडिन-२९३ या अमिनो आम्लावर हायड्रोजन चुकीच्या नायट्रोजनला लागल्याने होतो, कारण रेणूचा हायड्रॉक्सिल त्यालाच धरतो. हायड्रोजन दोन्ही नायट्रोजनांवर आळीपाळीने लावून पाहा. त्या रचनेत स्फटिक मिळावेत म्हणून दोन अमिनो आम्लं मुद्दाम बदललेली आहेत, हिफ-२अल्फात आर२४७ई (२४७ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिक आम्ल) आणि एआरएनटीत ई३६२आर (याच्या उलट). अहवालात हे लिहा, परीक्षक विचारतातच.

रेणू मोठा करण्याचा मोह टाळा. पीटी२३८५ आणि बेल्झुटिफॅन दोघांचं वजन ३८३, सूत्रही एकच. फक्त एक फ्लोरिन शेजारच्या कार्बनवर गेला आहे. पीटी२३८५ वर शरीर ग्लुक्युरोनिक आम्ल लावून त्याला बाहेर काढत होतं, ती अडचण या बदलाने बरीच कमी झाली.

महालकर
डॉकिंगचं वरती आलं. पण नीट बसणारा रेणू असला तरी तुमची एमटीटी सपाटच आली असती! सपाट प्लेटवर ७८६-ओ ची वाढ हिफ-२अल्फावर फारशी अवलंबून नसते. पीटी२३८५ सुद्धा तिथे पेशी मारत नाही. त्याचा परिणाम सॉफ्ट अगारमध्ये (मऊ जेलीत पेशी वाढवल्या तर) आणि उंदरांमधल्या गाठींवर दिसतो.

म्हणून पेशी मेल्या का हे न विचारता व्हीईजीएफ (हिफ-२अल्फाच्या हुकमाने पेशी बाहेर सोडतात ते, रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) कमी झालं का ते विचारा. ९६ वेलच्या प्लेटमध्ये ७-८ हजार पेशी, दुसऱ्या दिवशी रेणू, १० मायक्रोमोलरपासून तिपटीने खाली आठ मात्रा. डीएमएसओ (रेणू विरघळवायचं द्रावक) सगळ्या वेलमध्ये सारखं, ०.५ टक्क्याच्या आत. २० तासांनी वरचं द्रव काढून व्हीईजीएफचा एलायझा (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजणारी चाचणी) आणि त्याच वेलमधल्या पेशींवर एमटीटी. व्हीईजीएफ उतरलं आणि एमटीटी सपाट राहिली, तर तुमचा रेणू नेमकं काम करतो आहे. दोन्ही एकदम उतरले तर तो नुसता विषारी आहे. एका रांगेत पीटी२३८५ हवाच, त्याच्याशिवाय काहीच सिद्ध होत नाही.

एलायझाचं किट महाग पडत असेल तर क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजणं) करा: व्हीईजीएफए आणि सायक्लिन डी१, दोन्ही हिफ-२अल्फाने चालणारी जनुकं. तुलनेसाठी स्थिर जनुक म्हणून जीएपीडीएच घेऊ नका, तो स्वतःच हिफच्या तालावर हलतो. पीपीआयए हे जनुक चालेल. हिफ-१अल्फाला धक्का लागत नाही हे दाखवायला मात्र ७८६-ओ उपयोगाची नाही. त्यासाठी हेप३बी या यकृताच्या कर्करोगाच्या पेशी घेऊन १ टक्का ऑक्सिजनमध्ये पीजीके१ (हिफ-१अल्फाने चालणारं जनुक) मोजा, ते उतरायला नको. त्याच पेशींत एरिथ्रोपोएटिन (तांबड्या रक्तपेशी वाढवणारं, हिफ-२अल्फाच्या हुकमातलं संप्रेरक) उतरायला हवं. बेल्झुटिफॅन घेणाऱ्या रुग्णांत रक्तक्षय होतो तो यामुळेच.

कडेच्या वेलचं कारण बाष्पीभवन. मे महिन्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की इनक्युबेटरचं दार चार वेळा उघडलं की ओलावा गेला. तळाच्या ट्रेमध्ये रोज निर्जंतुक पाणी, बाहेरच्या ३६ वेलमध्ये फक्त पीबीएस (मिठाचं द्रावण), वाचन आतल्या ६० चं. पावसाळ्यात उलटं होतं: डीएमएसओ हवेतलं पाणी ओढतं आणि साठ्यातला रेणू खाली बसतो. १० मिलिमोलरच्या साठ्याचे २०-२० मायक्रोलिटरचे भाग करून गोठवा.

रामटेक२१
दोघांचेही मनापासून आभार. आज रात्रीच ५टीबीएमवर पीटी२३८५ परत डॉक करायला लावतो. एक शंका: १२ पैकी पाच रेणू रेसेमिक (आरशातल्या प्रतिमेसारख्या आर आणि एस या दोन प्रकारांचं समान मिश्रण) आले आहेत. ते वेगळे करावे लागतील का?

वाडीनाका
आत्ता नाही. डॉकिंगमध्ये आर आणि एस दोन्ही स्वतंत्र लावा. पीटी२३८५ चा एस प्रकारच काम करतो. रेसेमिकने १० मायक्रोमोलरवर व्हीईजीएफ निम्म्यावर आणलं तरच कायरल एचपीएलसीचा (दोन्ही प्रकार वेगळे करणाऱ्या तंत्राचा) खर्च करा.