मुलांना नीती नसते म्हणे! मग पुराच्या पंचनाम्यात खोटं कोण बोललं?

कृष्णाकाठ (सांगली)
एका निवृत्त मुख्याध्यापकांची पोस्ट परवापासून फिरतेय. म्हणणं असं की मुलाला नीती-अनीती मुळात कळतच नाही, ती धाकानंच आत उतरते, आणि छडी गेली म्हणून ही पिढी हाताबाहेर गेली. खाली 'अगदी बरोबर, सर'ची रांग लागली आहे. मला राग आलाय, म्हणून सविस्तर लिहितो.

2019 च्या पुरात आमच्या गल्लीतल्या काही घरांत छातीएवढं पाणी होतं, काहींच्या पायरीला लागून ते परत फिरलं. पंचनाम्याला माणसं आली तेव्हा पायरीवाल्यांनीही 'घरात पाणी होतं' असंच सांगितलं. एका घरातली पहिलीतली पोरगी मध्येच म्हणाली, "आपल्यात कुठं आलतं?" तिला आत ओढली आणि पाठीत धपाटा घातला. त्या धाकानं तिच्यात कुठली नीती उतरली? खरं बोलू नये, हीच ना?

एलियट ट्युरिएल हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शाळेत नुकत्याच जाऊ लागलेल्या मुलांना विचारून पाहिलंय. बाईंनी चालेल म्हटलं तर शाळेचा एखादा साधा नियम मोडावा का? मुलं म्हणतात, मग चालेल. बाईंनी चालेल म्हटलं तर दुसऱ्याला मारावं का? तरी नाही. म्हणजे धाक आणि नीती या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तीन-चार वर्षांच्या पोराला कळतं.

हळदबाजार
एका पोरीच्या गोष्टीवर सिद्धांत उभा राहत नाही. मुलांची समज कशी वाढते ते अभ्यासणाऱ्या प्याजेनं 1932 मध्येच लिहून ठेवलंय. दार उघडताना नकळत पंधरा कप फोडणारा मुलगा जास्त वाईट, की चोरून खाऊ काढताना एकच कप फोडणारा? लहान मुलं म्हणतात, पंधरावाला. हेतू बघायला ती हळूहळू शिकतात. पुढं कोलबर्ग या मानसशास्त्रज्ञानं 1958 च्या प्रबंधात शिकागोच्या मुलांना तो औषधाचा पेच घातला: बायको मरतेय, दुकानदार अडून बसलाय, नवऱ्यानं औषध चोरावं का? आधी शिक्षेची भीती, मग लोक काय म्हणतील, मग कायदा, आणि फार थोडे लोक कायद्याच्या पलीकडच्या तत्त्वापर्यंत पोचतात. पायऱ्या आहेत, आणि पहिली पायरी धाकाचीच आहे.

शाहूपुरी
कोलबर्गनं मुलगेच घेतले होते, हे सांगायचं राहिलं! त्याच्याच सोबत काम केलेल्या कॅरोल गिलिगननं 1982 मध्ये नेमकं हेच विचारलं: माणसं सांभाळण्याचा विचार तुमच्या पायऱ्यांवर खालीच का बसवता? माझी आजी भूमिगतांना भाकरी पोचवायची. पोलीस दारात आले की शपथेवर सांगायची, "इकडं कोण फिरकलं नाही." शाळेचं तोंड न बघितलेल्या त्या बाईला तुम्ही कुठल्या पायरीवर बसवणार?

वाळव्याचा
आजींना दंडवत. पण तो औषधचोरीचा पेच आमच्या भागाला कुणी नव्यानं शिकवू नये. 7 जून 1943 ला शेणोलीला इंग्रजांचा पगार नेणारी रेल्वेगाडी अडवली, ती जी. डी. बापू लाड, कॅप्टन भाऊ आणि साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या, म्हणजे इंग्रजांविरुद्ध लोकांनी उभारलेल्या सरकारच्या, तुफान सेनेनं. कॅप्टन भाऊ शेवटपर्यंत सांगत, ही लूट नव्हे. इंग्रजांनी लोकांचे चोरलेले पैसे आम्ही परत आणले. कायद्याच्या पलीकडं विचार करणारी माणसं बघायची तर शिकागोला कशाला जायचं? कुंडलला या.

माणदेशी
आणि त्याच प्रतिसरकारनं सावकार, दरोडेखोर, बायकांना छळणारे यांच्या तळपायावर, बैलाला पत्री ठोकावी तसे, फटके दिले, म्हणून लोक 'पत्री सरकार' म्हणायला लागले. गावं सुधारली ती धाकानंच! मुख्याध्यापक काय वेगळं म्हणतायत? मी वर्गावर उभा असतो. बारावीच्या परीक्षेला बापच खिडकीतून चिठ्ठ्या टाकतात, आणि आम्ही अडवलं तर आमच्याच अंगावर येतात.

वाळव्याचा
तोंड सांभाळून बोला, गुरुजी. पत्र्यांवर सगळं सरकार चाललं काय? गावच्या लोकांसमोर न्यायनिवाडे झाले, हुंड्याशिवाय, थोडक्या खर्चात गांधी-विवाह लागले. आमच्या थोरल्या चुलत्यांचं लग्न तसंच झालं. लोकांना पटलं म्हणून लोक वागले. नुसत्या भीतीनं चाललं असतं तर इंग्रजांकडं बंदुका काय कमी होत्या?

ऊसकरी
एवढी चर्चा चालली आहे तर काट्याचंही बोला. बाहेर वजन केलेली उसाची ट्रॉली साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर हलकी भरते. तिथं बसलेली माणसं लहान लेकरं नाहीत, शिकलेली आहेत. त्यांची नीती कुठल्या वयात वाढायची राहिली?

हळदबाजार
ऊसकरी, हा धागा काट्याचा नाही. पण मुद्दा टाळता येत नाही, हे मान्य करावं लागतंय. 1928 च्या सुमारास हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकन संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांना फसवायची संधी देऊन बघितलं. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं पोर दुसऱ्या ठिकाणी फसवायचं. योग्य काय ते माहीत असूनही. विचार वयानं वाढतो, वागणं त्याच्याबरोबर वाढतंच असं नाही. मोठ्यांचा वाढलेला विचार पुष्कळदा सबबी शोधायलाच कामी येतो. तरी पायऱ्या खोट्या ठरत नाहीत.

शाहूपुरी
म्हैसूरमधलं कामही बघा. जोन मिलर आणि बर्सॉफनी 1992 मध्ये भारतीय आणि अमेरिकन लोकांना विचारलं: मित्राच्या लग्नाच्या अंगठ्या वेळेत पोचवायच्या, तिकीट चोरल्याशिवाय गाडी मिळत नाही, काय कराल? आपल्याकडचे बहुतेक म्हणाले, अंगठ्या पोचव. मित्राला दिलेला शब्द हे त्यांना कर्तव्यच वाटलं. याला खालची पायरी म्हणायचं?

माणदेशी
म्हणूनच बाप चिठ्ठी टाकतो! त्यालाही ते कर्तव्यच वाटतं.

कृष्णाकाठ
गुरुजी, या वाक्याला माझ्याकडं उत्तर नाही. पण छडी त्या बापाला लागत नाही, पोराला लागते. कोलबर्गनंच पुढं अमेरिकेतल्या केंब्रिजच्या एका शाळेत मुलांना आणि शिक्षकांना एकेक मत देऊन नियम ठरवायला लावले. एका मुलीचे पैसे चोरीला गेले, तेव्हा सगळ्यांनी थोडे थोडे काढून ते भरून दिले, कारण चोरी आपल्यात झाली असं सभेनं ठरवलं. कॉपीवर अशी सभा तुमच्या वर्गात घ्या. बापांनाही बोलवा.

माणदेशी
साठ पोरांचा वर्ग, वर निवडणुकीचं काम, वर पोर्टलवर माहिती भरायची. सभा घेईन, पण बापांना निरोप तुम्ही द्यायचा. मी दिला तर एकही येत नाही.